पन्नास हजार डॉलरचा विमा नेमका कशाचे पैसे देतो? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. चिडून लिहिलीत, आणि एका मुद्द्यावर तुमचं चिडणं अगदी रास्त आहे.

बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आई-वडिलांना अमेरिकेत आणताना भारतातून काढलेला प्रवास विमा म्हणजे नुसता कागद, इथलाच विमा घ्या, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. मुलीकडे इकडे यायला निघालेले काका म्हणतात, तुम्ही तिकडची मुलं म्हाताऱ्या माणसांना उगाच घाबरवता. त्यांच्याकडे 50,000 डॉलरची पॉलिसी आहे, ती पुरे. इमर्जन्सीत तिथलं हॉस्पिटल कुणाला परत पाठवू शकत नाही. त्यांचे एक मित्र तर तीन वेळा विम्याशिवाय जाऊन आले. आणि मला कुठल्या कंपनीचं कमिशन मिळतं, हेही त्यांनी विचारलंय.

कमिशन मिळत नाही, काका. मी न्यू जर्सीत नोकरी करते, विमा विकत नाही. खालीही एकाही कंपनीचं नाव घेतलेलं नाही.

आता जिथे तुमचं बरोबर आहे ते. 'नुसता कागद' हे वाक्य मी मागे घेते. भारतीय कंपनीने क्लेम नाकारला तर दाद मागायला पुण्या-मुंबईत विमा लोकपाल आहे. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही. इथल्या कंपनीशी भारतात बसून भांडणं त्यापेक्षा कितीतरी अवघड. शिवाय मागच्या लेखात माझ्या आईची जी गोष्ट मी सांगितली, ती अर्धवट सांगितली. तिची पॉलिसी भारतातली नव्हतीच. मीच ती इथे बसून, अमेरिकी कंपनीकडून घेतलेली होती.

2019 सालची गोष्ट. आई 71 वर्षांची. येऊन तीन आठवडे झाले होते, एका रात्री पोटात असह्य दुखायला लागलं, ताप चढला. पित्ताशयात खडे आणि जंतुसंसर्ग. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन, तीन दिवस मुक्काम. बिल आलं 63,000 डॉलर. विमा 50,000चा, म्हणजे आपल्याला 13,000 भरावे लागतील असा हिशोब मी करून बसले होते. कंपनीने दिले 9,800.

फसवणूक नव्हती, तक्ता छापलेलाच होता. खोलीचे दिवसाला 1,500, सर्जनचे 3,300, भूल देणाऱ्या डॉक्टरांचे 800, इमर्जन्सी रूमचे 400, तपासण्यांचे आणखी थोडे. बिल कितीही येवो, त्या त्या गोष्टीचे ठरलेले तेवढेच पैसे. याला इथे 'फिक्स्ड बेनिफिट' म्हणतात. 50,000 हा आकडा वरच्या टोकाचा. तिथपर्यंत पोचायचं तर कित्येक आठवडे दवाखान्यात पडून राहावं लागेल. मी फक्त तो मोठा आकडा आणि हप्ता पाहिला होता. उरलेल्या रकमेसाठी पाच महिने हॉस्पिटलच्या मागे लागले. एकेका गोष्टीचं वेगळं बिल मागितलं, आर्थिक मदतीचा अर्ज केला, तेव्हा कुठे ती 21,000वर आली. महिन्याला 875 डॉलर, दोन वर्षं. आई रोज फोनवर विचारायची, "माझ्यामुळे झालं ना गं हे?" हे ऐकणं बिलापेक्षा जड होतं, काका. म्हणून मी लिहिते. तुम्हाला घाबरवायला नाही.

म्हणजे पॉलिसी कुठल्या देशातली यापेक्षा ती पैसे कसे देते, ते पाहायला हवं. साठीपुढच्या लोकांना विकल्या जाणाऱ्या भारतातल्या बऱ्याच पॉलिसींतही असाच तक्ता असतो. खोली, आयसीयू, ऑपरेशन, डॉक्टरांच्या भेटी, प्रत्येकाची वेगळी मर्यादा. एजंट त्याला 'सब-लिमिट' म्हणतात आणि सहसा स्वतःहून सांगत नाहीत. तुमच्या कागदांत ते पान शोधा. नसेलच, तर तुमची पॉलिसी माझ्या तेव्हाच्या पॉलिसीपेक्षा चांगली आहे, आणि मला त्याचा आनंद होईल.

दुसऱ्या प्रकाराला 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' म्हणतात. त्यात आधी डिडक्टिबल, समजा 500 डॉलर, आपण भरायचं. पुढच्या 5,000पैकी साधारण 80 टक्के कंपनी देते, त्यानंतर मर्यादेपर्यंत सगळं. आईच्या वेळी असा विमा असता तर मर्यादेपर्यंतच्या खर्चात आमच्या वाट्याला 1,500 आले असते. शिवाय नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या, हॉस्पिटलशी ठरलेला दर छापील बिलापेक्षा पुष्कळ कमी असतो. हप्ता जास्त पडतो, हे खरं. सत्तरीनंतर मोठ्या रकमेचा विमा मिळणंही कठीण होतं आणि ऐंशीनंतर मर्यादा फारच खाली येते.

पण मला खरी काळजी वाटली ती तुमच्या एका वाक्याने. "मला फक्त शुगर आणि 2016ची अँजिओप्लास्टी, बाकी ठणठणीत." काका, विम्याच्या भाषेत हे 'आधीपासूनचे आजार'. भारतातल्या प्रवास विम्यात ते बहुधा वगळलेले असतात, किंवा जिवावर बेतलं तरच आणि छोट्या मर्यादेपर्यंतच धरतात. इथल्या पॉलिसींत 'अ‍ॅक्यूट ऑनसेट' नावाचं कलम असतं. दुखणं अचानक, कसलीही पूर्वसूचना न देता उद्भवलं पाहिजे आणि साधारण 24 तासांच्या आत उपचार घेतले पाहिजेत. आपल्या माणसांना दुखणं अंगावर काढायची सवय. दोन दिवस छातीत जड वाटतंय, पण लेकीला कशाला त्रास, म्हणून ओवा खाऊन झोपायचं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेल्यावर "परवापासून होतंय" असं डॉक्टरांना सांगितलं की ते नोंदलं जातं, आणि क्लेम तिथेच अडकतो. म्हणून काही वाटलं तर त्याच तासाला मुलीला सांगा, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. आणि अँजिओप्लास्टी फॉर्मवर लिहिली नसेल तर आधी ती लिहा. लपवलेला आजार निघाला तर मग लोकपालाकडेही दाद मिळणं कठीण.

इमर्जन्सीचा कायदा आहे, 1986चा. तपासणं आणि प्रकृती स्थिर करणं इमर्जन्सी रूमला बंधनकारक आहे, खिशात पैसे असोत वा नसोत. पण फुकट नाही. बिल घरी येतंच. दाखल करून घेताना खर्चाची जबाबदारी घेणाऱ्याची सही मागतात आणि आपला बाप स्ट्रेचरवर असताना कुठली मुलगी ते वाचत बसेल? तुमचे मित्र तीनदा सुखरूप परतले, छान झालं. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाला विमा लागत नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसाला 30,000 युरोचा लागतोच. त्यामुळे इकडे येताना तो राहून जातो.

तुमच्या बँकेचा मेडिक्लेम इथे चालेल का, तेही विचारलंय. असे विमे बहुतेक भारतापुरतेच असतात, लेखी विचारून घ्या. आणि मुलीच्या कंपनीच्या विम्यात आई-वडिलांना सहसा घेत नाहीत.

निघायला तीन आठवडे आहेत ना? पॉलिसी बदलता येते का, हे याच आठवड्यात विचारा. अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा, गोळ्या मूळ पाकिटांतच असू द्या. विमा कंपनीचा मदतीचा नंबर मुलीच्या आणि जावयाच्या, दोघांच्याही फोनमध्ये हवा. दाखल व्हायची वेळ आली तर लगेच कळवावं लागतं. खोकला-ताप, पाय मुरगळणं असल्या गोष्टींना इमर्जन्सी रूम नको, घराजवळचं अर्जंट केअर, म्हणजे किरकोळ दुखण्यांचं क्लिनिक, बघून ठेवा. तिथे बिल कितीतरी कमी येतं.

शेवटी तुम्ही विचारलंत, आईला नंतर परत आणलं का. आणलं, 2023मध्ये, कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा काढून. चार महिने राहिली. एकदा लघवीला जळजळ होत होती म्हणून अर्जंट केअरला नेलं. बिल 190 डॉलर. डिडक्टिबल 500चं होतं, म्हणून ते आम्हीच भरलं.