रोजचा फडका बंद करा

शहरांतल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये रोज सकाळी एका बादलीवर आणि एका फडक्यावर दहा-पंधरा गाड्या पुसल्या जातात, आणि पुसलेली गाडी लांबून चकचकीत दिसल्यामुळे मालकाचेही समाधान होते. माझे मत मात्र असे आहे की गाडीच्या रंगाचे सर्वाधिक नुकसान या पुसण्यानेच होते. ज्याला कमी खर्चात गाडी चांगली ठेवायची आहे त्याने कोणतीही बाटली विकत घेण्याआधी ही रोजची पुसापुशी थांबवावी.

यामागचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. आजच्या गाड्यांच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो आणि त्याची जाडी साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी असते. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि कठीणता मोजण्याच्या मोहसच्या १ ते १० या मापनात त्यांची कठीणता ७ आहे. फडक्याखाली हे कण पत्र्यावरून ओढले गेले की त्या पातळ थरावर बारीक रेघा उमटतात. गडद रंगाच्या बोनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी जी वर्तुळे दिसतात, ती याच रेघांची. त्या घालवण्यासाठी पॉलिश करावे लागते, आणि पॉलिश करणे म्हणजे क्लिअर कोटचाच थोडा भाग घासून काढणे होय. एकदा गेलेला थर परत येत नाही. याउलट कोरडी धूळ गाडीवर नुसती बसून राहिली, तर ओरखडा पडत नाही. म्हणून आठवडाभर गाडी धुळकट दिसली तरी चालेल, पण धुवायची तेव्हा नीट धुवावी, असे मी आग्रहाने सांगतो.

धुण्यासाठी गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना घ्यावी, नाहीतर साबण जागच्या जागी वाळतो. आधी चाके धुवावीत; त्यांच्यावर ब्रेकची लोखंडी भुकटी बसलेली असल्यामुळे त्यांचे कापड वेगळे असावे आणि ते चुकूनही बोनेटवर फिरवू नये. मग हात न लावता टपावरून खाली पाणी सोडून मोकळी धूळ वाहू द्यावी. पाइप नसेल तर मगाने ओतलेले पाणीही पुरते. त्यानंतर दोन बादल्या घ्याव्यात, एकीत कार शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून टपापासून सुरुवात करावी, हलक्या हाताने आणि सरळ रेषेत पुढे जावे, आणि प्रत्येक भाग झाला की मोजा आधी साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत बुडवावा. दारांचा खालचा भाग सर्वांत शेवटी घ्यावा, कारण चिखल आणि खडा तिथेच असतो. जुन्या बनियनचा फडका या कामाला योग्य नाही, कारण त्याच्या सपाट विणीत कण आत न जाता पृष्ठभागावरच घासत राहतात, तर मायक्रोफायबरचे उभे तंतू त्यांना आत ओढून घेतात. हे कापड धुताना फॅब्रिक कंडिशनर मात्र घालू नये.

कपड्यांची पावडर अल्कधर्मी असते आणि ती रंगावरचे वॅक्स, म्हणजे संरक्षक मेण, काढून टाकते, त्यामुळे शाम्पूवरचा खर्च टाळू नये. बोअरच्या पाण्यातले क्षार वाळून पांढरे डाग पडतात, म्हणून धुतल्याबरोबर गाडी स्वच्छ कापडाने टिपून घ्यावी. ताजे डाग पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन निघतात, आणि मग ती जागा पुन्हा धुवावी. पक्ष्यांची विष्ठा नखाने खरवडू नये, कारण ती आम्लयुक्त असते आणि तिच्यात बारीक खडेही असतात. तिच्यावर ओले कापड काही मिनिटे ठेवून ती अलगद उचलावी.

सिरॅमिक कोटिंगसाठी, म्हणजे रंगावर चढवायच्या कडक संरक्षक थरासाठी, हजारो रुपये मागितले जातात. त्याने पाणी घसरून जाते आणि धुणे सोपे होते, हे खरे आहे. परंतु जाहिरातीतले '९एच' हे किती कठीण पेन्सिलीने थरावर ओरखडा पडतो ते पाहणाऱ्या चाचणीचे माप आहे, मोहसचे नाही, त्यामुळे महामार्गावर उडणाऱ्या खड्यापासून किंवा वाळूभरल्या फडक्यापासून ते संरक्षण देईल असे समजू नये. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा लावलेले साधे कार्नोबा वॅक्स (ताडवर्गीय झाडाच्या पानांचे मेण) सामान्य वापराच्या गाडीला पुरेसे आहे, असे मला वाटते.

आतल्या सफाईला ओलसर कापड, रंगकामाचा मऊ ब्रश आणि उन्हात वाळवलेल्या मॅट एवढे पुरते. डॅशबोर्डला चकाकी देणारे पॉलिश टाळावे, कारण ते समोरच्या काचेत परावर्तित होते. कोकणातून परतल्यावर मात्र चाकांच्या कमानींच्या आत साचलेली तांबडी माती त्याच आठवड्यात धुऊन काढावी, कारण ती ओल धरून ठेवते आणि खारी हवा लागलेला पत्रा तिथूनच गंजू लागतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी वाहून जाण्यासाठी भोके असतात, तीही काडीने मोकळी करावीत.

राहिला प्रश्न गाडी पुसणाऱ्या माणसाचा. त्याला काढून टाकावे असे माझे मुळीच म्हणणे नाही, कारण एका बादलीत इतक्या गाड्या उरकायची सक्ती त्याने स्वतः ओढवून घेतलेली नाही. तेवढ्याच पगारात रोजच्या पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा व्यवस्थित धुण्याचे त्याच्याशी ठरवावे, आणि आपल्या गाडीपुरता मोजा, दोन कापडे आणि शाम्पूची बाटली त्याच्या हाती आपणच द्यावी.