बाबांच्या पोटातली वस्ती

ही पोस्ट लिहायला मला सात महिने लागले, कारण यातली चूक माझी आहे.

दिवाळीच्या सुमारास बाबांची दाढ सुजली, पू झाला. डेंटिस्टने दाढ काढली आणि पाच दिवस क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक दिलं. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. वय 71, त्यात शुगर. पू तसाच ठेवून चाललं नसतं. पण तीन आठवड्यांनी बाबांना सर्दी झाली, घसा बसला. मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले, मोबाईलमधला जुन्या चिठ्ठीचा फोटो दाखवला आणि त्याच गोळ्या घेऊन आले. "मागच्या वेळी चांगला गुण आला होता," असं मीच घरी सांगितलं. सर्दी विषाणूमुळे होते आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही हे मी शाळेत शिकलेय. तरी आणल्या. बाबांसाठी काहीतरी करायला हवं असं वाटत होतं, एवढंच.

सहाव्या दिवशी जुलाब सुरू झाले. दिवसाला बारा-पंधरा वेळा, वर ताप आणि मुरडा. बाहेरचं काही खाण्यात आलं असेल म्हणून आम्ही पेज आणि ओआरएसवर राहिलो. चौथ्या दिवशी बाबा बाथरूममध्ये कोसळले. अ‍ॅडमिट करताना तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, "काकांनी गेल्या दोन-तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं होतं का?" शौचाच्या तपासणीत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूचं विष निघालं.

त्या नऊ दिवसांत तिने मला जे समजावलं आणि नंतर मी जे वाचत गेले, ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आपल्या अंगात साधारण 38 लाख कोटी जिवाणू राहतात. आपल्या स्वतःच्या पेशी 30 लाख कोटींच्या आसपास. म्हणजे ते आपल्याहून थोडे जास्तच, आणि तरी सगळ्यांचं मिळून वजन जेमतेम 200 ग्रॅम. बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. भाकरी, डाळी, भाज्यांमधला जो चोथा आपल्याला पचत नाही त्यावर ते जगतात, आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य अन्न तेच. हे अस्तर एका पेशीच्या जाडीचं असतं. त्यावर बुळबुळीत थर असतो आणि त्या थरात आपलं शरीर रोज आयजीए नावाची प्रतिपिंडं सोडतं, म्हणजे जिवाणू भिंतीला येऊन चिकटत नाहीत. आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा फार मोठा फौजफाटा याच भिंतीमागे असतो.

आणि त्या फौजेला शिकवतात हे जिवाणूच. प्रयोगशाळेत काही उंदीर जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वाढवतात. मला वाटलं होतं ते ठणठणीत असतील. उलट त्यांच्या आतड्यातल्या लसिका ग्रंथी, म्हणजे या फौजेच्या छावण्या, खुरटलेल्या असतात, आयजीए फारच कमी बनतं. त्यांना जिवाणू दिले की हे बरंचसं भरून येतं. कोणावर तुटून पडायचं आणि कोणाला राहू द्यायचं, हे जिवाणूंच्या सहवासातच घडत जातं.

म्हणूनच "इम्युनिटी बूस्टर" हा शब्द मला आता सहन होत नाही. कोविडमध्ये आम्हीही काढे पिऊन घसे सोलून घेतले. प्रतिकारशक्ती भडकली की दमा होतो, अ‍ॅलर्जी होते, सांधे सुजतात. कोविडमध्ये अनेकांची फुप्फुसं निकामी होण्यात त्यांच्याच प्रतिकारशक्तीच्या भडक्याचा मोठा हात होता. ती ताळ्यावर असावी लागते. ती ताळ्यावर ठेवणाऱ्या पेशींना बळ देणारं एक रसायन म्हणजे वर सांगितलेलं ब्युटिरेट, जे आपल्याला जिवाणूंकडून फुकट मिळतं.

बाबांच्या पोटात काय झालं? क्लिंडामायसिनला दाढेचा जंतू कुठला आणि आतड्यातला सोबती कुठला हे कळत नाही. महिन्याभरात दोनदा वस्ती उठवली गेली. त्या वस्तीतले काही जिवाणू पित्ताम्लांचं, म्हणजे पचनासाठी पित्तातून आतड्यात येणाऱ्या आम्लांचं, रूप बदलतात, आणि त्या बदललेल्या रूपात डिफिसिलला वाढता येत नाही. ते गेले की न बदललेली पित्ताम्लं साचतात, आणि डिफिसिलचे झोपलेले बीजाणू (टणक कवचात निपचित पडलेले जंतू) त्यांच्यामुळेच जागे होतात. मोकळी जागा आणि आयतं अन्न! हे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत. वॉर्डात शिरताना मी दर वेळी सॅनिटायझर चोळत होते. सिस्टरनी हाताला धरून मला बेसिनपाशी नेलं आणि साबणाने हात धुवायला लावले.

डिफिसिलला मारायला तोंडावाटे व्हँकोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक दिलं. बाबा सुधारले, घरी आले, आणि सोळाव्या दिवशी पुन्हा तेच. पाचातल्या एखाद्याला तरी हा आजार असा उलटतो, कारण जंतू मारणारं औषध पुन्हा अँटिबायोटिकच आणि वस्ती अजून उजाडच. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 2013 साली एक चाचणी प्रसिद्ध केली. वारंवार उलटणाऱ्या रुग्णांच्या आतड्यात निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू नळीने सोडले. 16 पैकी 13 जण पहिल्याच खेपेला बरे झाले. नुसत्या व्हँकोमायसिनवर 13 पैकी 4. फरक इतका उघड होता की चाचणी मध्येच थांबवली. वाचताना किळस वाटली तर वाटू द्या. बाबांचे पायजमे धुताना मला ती उरली नव्हती. बाबांवर ती वेळ आली नाही, दुसऱ्या कोर्सनंतर ते सावरले. अकरा किलो वजन गेलं होतं, अजून सगळं भरून आलेलं नाही.

दही-ताक खा, वस्ती परत येते, असं मला अनेकांनी सांगितलं. दही चांगलंच आहे, बाबा रोज खातात. पण विरजणातले चार-दोन प्रकारचे जिवाणू शेकडो प्रकारांची जागा भरू शकत नाहीत.

मला जास्त काळजी लहान मुलांची वाटते. ही वस्ती बसते ती पहिल्या दोन-तीन वर्षांत. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या बाळाच्या पोटातल्या बायफिडो जिवाणूंसाठी असतात. मला हे वाचून भरून आलं. ओडिशाच्या खेड्यांमध्ये साडेचार हजारांवर नवजात बाळांची एक चाचणी झाली, 2017 साली प्रसिद्ध झाली. निम्म्या बाळांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस गटातला एक निवडलेला जिवाणू आणि त्याचं खाद्य तोंडाने दिलं. जंतुदोष किंवा मृत्यूचं प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आलं. आणि आपण त्याच वयाच्या मुलांना नाक गळलं की अँटिबायोटिक पाजतो.

कित्येक अँटिबायोटिक 2014 पासून सरकारच्या औषधांच्या एच-वन यादीत आहेत, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, विक्रीची नोंद ठेवावी लागते. स्ट्रिपवर लाल उभी रेघ असते. मी ती रेघ पाहिली होती. मला कोणी अडवलं नाही हे खरं, पण अडवायला लागावं अशी वेळ मीच आणली होती.

मागच्या आठवड्यात पाऊस सुरू झाला आणि भावाच्या दीड वर्षाच्या लेकीला सर्दी-खोकला. कोणीतरी मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक सिरपची बाटली आणून ठेवली होती. वहिनीने मला फोन केला. मी फक्त म्हटलं, बाटलीतल्या पावडरीत पाणी घालू नकोस, आधी तिला डॉक्टरांकडे ने. त्यांनी छाती, कान, घसा तपासला, श्वास मोजला आणि सांगितलं, व्हायरल आहे, नाकात सलाइनचे थेंब घाला, अंगावर पाजत राहा, श्वास जोरात चालला किंवा दूध घेईना तर लगेच या. सहाव्या दिवशी पोर अंगणात चिखलात खेळत होती. बाटलीतली पावडर तशीच कोरडी, सील न तोडलेली आहे.