या काळाला 'काल' चालत नाही

इंग्रजीतला पूर्ण वर्तमानकाळ पहिल्या भेटीत फार गोड वागतो. 'हॅव' किंवा 'हॅज' घ्यायचं, पुढे क्रियापदाचं तिसरं रूप ठेवायचं, झालं. शिवाय त्याचा जुळा भाऊ मराठीत घरचाच. 'मी पत्र लिहिलं आहे' म्हणजे 'आय हॅव रिटन अ लेटर'. शेवटी 'आहे' दिसलं की 'हॅव' लावायचं, असा हिशेब मनात बसतो आणि तिथेच घात होतो.

'मी त्याला काल फोन केला आहे.' मराठीत यात काही वावगं नाही. पण 'आय हॅव कॉल्ड हिम यस्टरडे' म्हणा, ऐकणाऱ्याच्या दाताखाली खडा येतो. काल, गेल्या आठवड्यात, दोन तासांपूर्वी, 2019 मध्ये, अशी संपलेली वेळ सांगितली की हा काळ अंग काढून घेतो. मग 'आय कॉल्ड हिम यस्टरडे' एवढंच. काम झालंय हे सांगायचं, पण कधी झालं ते विचारू नका! सरकारी पत्रांना उत्तरं लिहिणाऱ्यानेच हा काळ घडवला असावा, असा माझा दाट संशय आहे.

त्यात घड्याळाची भानगड. 'आय हॅव सीन हिम धिस मॉर्निंग' हे सकाळी अकराला शुद्ध, दुपारी तीनला अशुद्ध. तेव्हा 'आय सॉ हिम'. माणूस तोच, भेट तीच, फक्त मधल्या मध्ये सकाळ संपली.

किल्लीचंही तसंच. 'आय हॅव लॉस्ट माय की' म्हणजे किल्ली अजून बेपत्ता आहे आणि तुम्ही बहुधा दाराबाहेर उभे आहात. 'आय लॉस्ट माय की' म्हटलं तर ती हरवली इतकंच कळतं, नंतर सापडलीही असेल. अमेरिकन मंडळी पुष्कळदा दोन्हीकडे साधा भूतकाळच वापरून मोकळी होतात. तेवढ्यापुरता मला त्यांच्याबद्दल नितांत आदर वाटतो.

बरं, 'आहे' नसलं म्हणजे सुटलो, असंही नाही. 'आत्ताच जेवलो' यात 'आहे' कुठे आहे? तरी इंग्रजीत 'आय हॅव जस्ट ईटन'. 'मी पाच वर्षांपासून इथे राहतो' हे तर आपल्याकडे साधं वर्तमान. त्याचं 'आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' केलं की एका वाक्यात दोन चुका. हवं 'हॅव लिव्ह्ड' आणि हवं 'फॉर'. आपला 'पासून' एकटा दोघांची कामं करतो. तिकडे मुदत मोजायला 'फॉर', आरंभ सांगायला 'सिन्स': फॉर फाइव्ह इयर्स, पण सिन्स 2019. ('आलोच!' या मराठी भूतकाळाचं भाषांतर कोणी करू नये. तो माणूस अजून अंघोळीलाही गेलेला नसतो.)

तिसऱ्या रूपांबद्दल काय बोलावं? 'कट-कट-कट'वर जीव जडतो. 'कम-केम-कम' फिरून मूळपदावर येतं, म्हणून लोक 'हॅव केम' म्हणतात. 'रीड-रेड-रेड' लिहायला तिन्ही सारखे, उच्चाराला मात्र पहिला वेगळा.

एका ठिकाणी मात्र मराठी खरंच हात देते. 'गेला आहे' म्हणजे 'हॅज गॉन', अजून तिकडेच. 'जाऊन आला आहे' म्हणजे 'हॅज बीन'. हे विसरून समोर बसलेल्या माणसाला 'आय हॅव गॉन टू लंडन' सांगितलं, की तो क्षणभर तुमच्या खुर्चीकडे बघतो. मग इथे बसलंय कोण?