बूस्टर आणा म्हणे!

छतावरच्या अँटेनावर चालणाऱ्या टीव्हीवर चित्राचे चौकोनी तुकडे पडायला लागले, आवाज मध्येच गिळला जायला लागला, की घरात एकदम तज्ज्ञ उगवतात. एक रिमोट हिसकावून स्कॅन मारतो, म्हणजे चॅनेलं नव्याने शोधायला लावतो. दुसरा म्हणतो, बूस्टर आणा, म्हणजे सिग्नल मोठा करणारा अँप्लिफायर. तिसरा तडक छतावर चढून अँटेना पिळायला लागतो. आणि बिघाड कुठे असतो? बहुतेक वेळा टीव्हीच्या पाठीमागच्या दीड मीटर वायरीत, नाहीतर एखाद्या ढिल्या कनेक्टरमध्ये. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

आधी त्या स्कॅनचं. अहो, बरेचसे टीव्ही ऑटो स्कॅन करताना जुनी यादी पुसून टाकतात आणि त्या क्षणाला जे सापडेल तेवढंच साठवतात. सिग्नल तुटत असताना स्कॅन मारलात, तर जी चॅनेलं अधूनमधून का होईना दिसत होती तीही गेली. वर एखाद्या लांबच्या ट्रान्समीटरची अर्धमेली प्रत यादीत येऊन बसते ती वेगळीच. रिमोट हातात घेतलाच आहे तर मेनूतलं सिग्नलचं पान उघडा की! तिथे दोन पट्ट्या असतात, ताकद आणि गुणवत्ता. सगळे पहिली बघतात, कामाची असते दुसरी. दोन्ही शून्य असतील तर वायर तुटलीय, शॉर्ट झालीय किंवा अँप्लिफायरची वीज बंद आहे. दोन्ही कमी असतील तर केबल, कनेक्टर किंवा दिशा. ताकद भरपूर आणि गुणवत्ता रडकी असेल तर बाहेरचा गोंगाट (म्हणजे नको त्या लहरींची भेसळ), परावर्तन (सिग्नल कशावर तरी आपटून परत येणं) किंवा सिग्नलचा अतिरेक. आणि त्या टक्क्यांची तुलना शेजारच्या टीव्हीशी करू नका, प्रत्येक कंपनीची मोजपट्टी तिची तिची.

'काल तर झकास दिसत होतं!' हे वाक्य तर बंदच व्हायला हवं. जुन्या ॲनालॉग टीव्हीवर मुंग्या यायच्या, दुहेरी सावल्या दिसायच्या, म्हणजे दुखणं हळूहळू कळायचं. डिजिटलमध्ये रिसीव्हर चुका दुरुस्त करत राहतो, चित्र लख्ख दाखवत राहतो, आणि दुरुस्तीची मर्यादा संपली की सगळं एकदम कोसळतं. स्वच्छ चित्र आणि काळा पडदा यांच्यात कधीकधी एकदोन डेसिबलचाच (डेसिबल म्हणजे सिग्नलची घटवाढ मोजायचं माप) फरक असतो. कालही तुमचा सिग्नल कड्याच्या टोकावरच उभा होता, फक्त दिसत नव्हता.

आता बूस्टर. बूस्टर सिग्नल तयार करत नाही हो! अँटेनाकडून आलेला सिग्नल आणि त्यातला गोंगाट दोन्ही वाढवतो, वर स्वतःचा थोडा गोंगाट घालतो. त्याचं खरं काम एकच, पुढच्या केबलमध्ये आणि स्प्लिटरमध्ये (एका केबलचा सिग्नल अनेक टीव्हींना वाटणाऱ्या डबीत) होणारी घट आधीच भरून काढणं. चांगल्या आरजी-6 केबलच्या (टीव्हीची नेहमीची गोल केबल) 20 मीटरमध्ये 600 मेगाहर्ट्झला साधारण साडेतीन डेसिबल जातात, दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये जवळपास 4, चार वाटांच्या स्प्लिटरमध्ये 7 ते 8. म्हणून त्याची जागा वर, अँटेनाजवळ. घटून घटून गोंगाटात बुडालेला सिग्नल टीव्हीच्या पाठीमागे मोठा करून हाती काय लागणार?

ट्रान्समीटर जवळ असताना 25 डेसिबलचा बूस्टर लावला की टीव्हीतला सिग्नल पकडणारा ट्यूनर गुदमरतो, आणि त्याची लक्षणं हुबेहूब कमकुवत सिग्नलसारखी दिसतात. मग काय, दुसरा बूस्टर! त्याऐवजी 10 डेसिबलचा ॲटेन्युएटर, म्हणजे सिग्नल मुद्दाम कमी करणारा तुकडा, मध्ये घालून बघा. चित्र सुधारलं तर तुमचा सिग्नल जास्त होता, कमी नव्हता. मोबाइलच्या 700 आणि 800 मेगाहर्ट्झच्या पट्ट्या टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्याला खेटून असतात, त्यामुळे मोबाइलचा टॉवर जवळ असेल तर त्याच्या लहरी अडवणारा फिल्टर लागतो. तो अँप्लिफायरच्या आधी लावायचा. नंतर लावून उपयोग नाही, अँप्लिफायर आधीच ओव्हरलोड झालेला असतो.

आणि खांबावरच्या अँप्लिफायरला वीज त्याच केबलमधून जाते, हे किती जणांना माहीत असतं? टीव्हीमागचा तो छोटा पॉवर सप्लाय कोणीतरी फोन चार्ज करायला काढून ठेवतो आणि मग घरभर बोंब. मध्ये स्प्लिटर असेल तर तो डीसी (म्हणजे अँप्लिफायरला लागणारी ही वीज) पुढे सोडणारा हवा. बऱ्याच स्प्लिटरांची एकच वाट डीसी सोडते, तिच्यावर तशी खूण असते. सप्लाय त्याच वाटेवर लावा.

आता खरा गुन्हेगार, कनेक्टर. एफ कनेक्टर (केबलच्या टोकाचा आटे असलेला जोड) बसवताना मधली तार कडेबाहेर 2 ते 3 मिलिमीटर यायला हवी. आखूड राहिली तर टेकत नाही. मधल्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीचा एक केस तारेला चिकटला तर शॉर्ट. पिळून बसवायचे कनेक्टर काही काळाने ढिले होतात, दाबून बसवायचे घ्या. आणि दोन केबलींच्या तारा पिळून वर टेप गुंडाळणाऱ्यांना काय म्हणावं! अँटेनापासून टीव्हीपर्यंत सारखा राखायचा 75 ओहमचा मेळ तिथे तुटतो, सिग्नल आपटून मागे फिरतो.

छतावरच्या जोडावर साधी टेप लावू नका, उन्हात तिचा गोंद सुटतो. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून, अर्धी अर्धी एकमेकांवर चढवत गुंडाळा. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन तर मुळीच नको, ते तांबं खातं. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. केबलची जाळी वातीसारखं पाणी ओढते. टोक कापून बघा. जाळी काळी किंवा हिरवी दिसली तर चमकदार लागेपर्यंत कापत जा, नाही लागली तर अख्खी केबल बदला.

शोध खालून वर घ्यायचा. आधी टीव्हीमागची छोटी वायर बदला. मग स्प्लिटर काढून थेट जोडा. मग पॉवर सप्लाय बंद करून केबलची दोन्ही टोकं सोडवा आणि मल्टिमीटर लावा. मधली तार आणि जाळी यांत काहीच वाहता कामा नये. दुसऱ्या टोकाला दोन्ही जोडल्या तर मोजके ओहम दिसले पाहिजेत. अँटेना मात्र सोडवूनच मोजा, बऱ्याच अँटेना मीटरवर शॉर्टच दिसतात. एका वेळी एकच गोष्ट बदला. एका वेळी एकच!

छत सगळ्यात शेवटी, आणि पाऊस, वारा किंवा जवळ विजेच्या तारा असतील तर नाहीच. अँटेनाच्या काड्या आडव्या हव्यात की उभ्या, हे ट्रान्समीटरवर ठरतं. उलट लावल्या तर 20 डेसिबलपर्यंत घट होऊ शकते. फिरवताना पाच अंश फिरवा, दहा सेकंद थांबा, गुणवत्तेची पट्टी बघा. गरगर फिरवून काही कळत नाही, रिसीव्हरला सिग्नल पकडायला वेळ लागतो.

आणि चित्र स्थिर झालं की हात बाजूला घ्या! 'अजून थोडं क्लिअर होतंय का बघू' म्हणणाऱ्याला आधी शिडीवरून खाली उतरवा. अजून क्लिअर होत नसतं. गुणवत्ता 80 असो की 100, चित्र तेच असतं.