सोडतोय कोण!

लाँग टर्म केअरचा, म्हणजे म्हातारपणी रोजच्या कामांना माणूस लागला तर त्याचा खर्च देणारा विमा आम्ही दोघांनी पन्नाशीत घेतला. ‘पासष्टीनंतर अमेरिकन सरकारचा आरोग्य विमा, मेडिकेअर, आहेच की’ म्हणून मी टाळाटाळ करत होतो, पण एजंटाने गार केलं. हॉस्पिटलातून सुटल्यावर नर्सिंग होममध्ये मेडिकेअर फार तर १०० दिवस बघतं, त्यातही २० दिवसांनंतर आपला वाटा भरावा लागतोच. नुसतं आंघोळ घालायला, भरवायला माणूस हवा असेल तर एक सेंटही नाही. घाबरून सह्या केल्या. आता न्यू जर्सीत निवृत्त होऊन बसलोय आणि अधूनमधून कंपनीचं पाकीट येतं. जाड असलं की समजायचं, हप्ता वाढला.

यंदाचं पत्र भलतंच प्रेमळ आहे. वाढीव हप्ता भरा. किंवा दरसाल पाच टक्के चक्रवाढीने वाढणारं संरक्षण तीन टक्क्यांवर आणा. किंवा लाभाची वर्षं कमी करा. अगदी शेवटी, हळूच, भरणंच थांबवा. आजवर जेवढं भरलंत तेवढ्या रकमेची सेवा, लागलीच तर, मिळेल. कंपनीचा जीव या शेवटच्या पर्यायात अडकलाय, हे मी ओळखलं.

कारण ही सगळी भानगड लोक पॉलिसी सोडत नाहीत म्हणूनच झाली. विकताना यांच्या हिशेबनीसांनी धरलं होतं, दरवर्षी शंभरातले चार-पाच जण कंटाळून हप्ते बंद करतील आणि त्यांचे पैसे उरलेल्यांच्या कामी येतील. प्रत्यक्षात जेमतेम एखादा गळाला. त्यात व्याजदर घसरले आणि लोक मरेनात. (लोक म्हणजे आम्ही.) अहो, आधी एखाद्या मराठी माणसाला तरी विचारायचं! आमच्या बेसमेंटमध्ये १९९४ साली आणलेल्या मिक्सरचं खोकं थर्माकोलसकट जपून ठेवलंय. मिक्सर केव्हाच गेला. हा माणूस इतकी वर्षं भरलेली पॉलिसी सोडेल?

मुलीने कॅलिफोर्नियातून एक्सेल शीट पाठवलं. “बाबा, भरलेले पैसे गेले असं समजा, पुढचं बघा.” तिच्या कॉलेजची फी भरताना हे तत्त्वज्ञान तिने का लपवून ठेवलं, कोण जाणे. पुण्याहून वहिनी म्हणाल्या, “भावजी, सरळ इकडे या, ब्यूरोची बाई चोवीस तास मिळते.” पुढची पंधरा मिनिटं त्यांची बाई न सांगता गावाला गेल्याचं पुराण ऐकलं.

शेवटी पॉलिसीच काढून वाचायला बसलो. आंघोळ, कपडे घालणं, जेवणं, संडासला जाणं, मलमूत्रावर ताबा आणि पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, अशी सहा कामं. यातली दोन किमान ९० दिवस मदतीशिवाय जमणार नाहीत असं लिहून मिळालं, की दावा करता येतो.

“सोफ्यावरून उठणं धरतात का?” हिने विचारलं. “एक तर आत्ताच झालं.”

“मला चहासुद्धा करता येत नाही,” मी आशेने म्हणालो.

स्वयंपाक त्या सहांत नाही. गोळ्या वेळेवर घेणं नाही, बिलं भरणंही नाही. म्हणजे मी कंपनीच्या लेखी ठणठणीत. शिवाय दावा मंजूर झाला तरी आमच्या पॉलिसीत पहिले ९० दिवस स्वखर्चाने काढायचे आहेत.

“मग एकच ठेवू या,” मी तडजोड काढली. “दोन हप्ते झेपायचे नाहीत.”

“चालेल. माझी ठेवा.”

“तुझी का?”

“तुम्हाला आंघोळ घालायला मी आहे. मला कोण घालणार? तुम्ही?”

यावर मी बराच विचार केला. तिनेही माझ्याकडे बघत बराच विचार केला. ज्याला गीझरचा नळ कुठल्या बाजूला फिरतो हे विचारावं लागतं, त्याच्या हाती कोण जाईल? बायकांचे दावे जास्त असतात ते उगाच नाही. आधी नवऱ्याचं करायचं, मग स्वतःसाठी घरात कुणी उरत नाही.

दोन्ही पॉलिसी ठेवल्या. माझे पाच टक्के तीनवर आणले, त्यामुळे माझा हप्ता होता तिथेच राहिला. तिचे मात्र पाचच. फॉर्मवर खूण करताना ती म्हणाली, “तुमच्यात कपात केली तरी चालतं. तुम्ही पहिल्यापासून कमी खर्चाचेच.”