मॉड्युलर चिलर आणि निम्म्या बिलाचा मेसेज

फॅसिलिटी मॅनेजरांच्या आणि ऑफिस-इमारतींच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचा गोषवारा असा: गच्चीवरचा जुना मोठा चिलर (इमारतीच्या एसीसाठी पाणी गार करणारं यंत्र) काढा आणि छोटे मॉड्युलर चिलर एकमेकांना जोडून बसवा. गरजेपुरतेच चालू होतात, त्यामुळे वीज आपोआप वाचते. जागा कमी लागते, देखभाल जवळपास नाही, एक बंद पडला तरी काम थांबत नाही. हीटिंगवालं मॉडेल मात्र मुंबईत घेऊ नका, फुकटचा खर्च. बिल निम्मं होणार म्हणजे होणार.

मॉड्युलर चिलरला माझा विरोध नाही. जिथे क्रेन लावायला जागा नाही आणि सामान लिफ्टनेच वर न्यायचंय, अशा इमारतीत दुसरा इलाजच नसतो. पण वीज वाचते कशाने, ते हा मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नाही.

‘गरजेपुरतीच मॉड्यूल चालतात, म्हणून वीज वाचते.’

कॉम्प्रेसर बंद होतो हे खरं. पाण्याचं काय? चार मॉड्यूल एकाच हेडरवर, म्हणजे सामाईक मोठ्या पाइपवर, समांतर जोडलेली आहेत आणि लोड, म्हणजे गारव्याची गरज, निम्मा आहे, असं धरा. दोन चालू, दोन बंद. चालू मॉड्यूलमध्ये १२ अंशांचं पाणी शिरतं आणि ७ अंशांचं होऊन बाहेर पडतं. बंद मॉड्यूलमधून मात्र तेच १२ अंशांचं पाणी जसंच्या तसं पुढे जातं, कारण त्यांच्या तोंडाशी बंद होणारा व्हॉल्व्हच बसवलेला नाही. हेडरमध्ये दोन्ही मिसळतात आणि खोल्यांना गार हवा पुरवणाऱ्या एएचयूच्या कॉइलला ९.५ अंशांचं पाणी मिळतं.

मरोळच्या एका ऑफिसच्या गच्चीवर हे ऐन पावसाळ्यात पाहिलं. प्रत्येक मॉड्यूलच्या डिस्प्लेवर सगळं उत्तम, आणि हेडरवरचा थर्मामीटर वेगळंच सांगत होता. खाली खोल्या गार होत्या, पण दमट. कार्पेटला कुबट वास. जुलैच्या मुंबईत हवा गार करण्याइतकंच तिच्यातलं बाष्प काढणं महत्त्वाचं, आणि साडेनऊ अंशांच्या पाण्याला ते नीट जमत नाही. तक्रारींचे फोन आले की ऑपरेटर काय करणार? सेट पॉइंट, म्हणजे चिलरला ठरवून दिलेलं पाण्याचं तापमान, खाली. म्हणाला, ‘साहेब, साडेचारवर ठेवलं की कोणी ओरडत नाही.’ गणित त्याच्याच बाजूचं होतं: पुरवठा ७ चा असला तर निम्म्या लोडला परत येणारं पाणी साडेनऊचं असतं, आणि निम्म्या प्रवाहात साडेचारचं आणि निम्म्यात साडेनऊचं पाणी मिसळलं की बरोबर ७ येतं. पण चिलरचं पाणी एक अंश जास्त गार करायचं तर कॉम्प्रेसरची वीज साधारण दोन-तीन टक्के वाढते. इथे ते अडीच अंश जास्त गार होत होतं. वर पंप चारही मॉड्यूलचं पूर्ण पाणी ढकलत होता तो वेगळाच.

यावर उपाय साधा आहे, फक्त कोटेशनमधून तोच आधी कापला जातो. प्रत्येक मॉड्यूलला मोटराइज्ड व्हॉल्व्ह हवा. कॉम्प्रेसर सुरू होण्याआधी तो उघडायला हवा आणि थांबल्यावर बंद व्हायला हवा. पंपाला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) हवा. पंपाचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज तत्त्वतः निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. प्रत्यक्षात पाइपांत किमान दाब राखावा लागतो, म्हणून थोडी कमी वाचते. तरी बऱ्याच प्लांटमध्ये खरी बचत इथेच असते.

‘जितकी कमी मॉड्यूल चालू, तितकं बिल कमी.’

फिक्स्ड स्पीड, म्हणजे एकाच वेगाने चालणारे, कॉम्प्रेसर असतील तर बरंचसं खरं. इन्व्हर्टर, म्हणजे वेग बदलणारे, असतील तर बहुधा उलटं. दोन मॉड्यूल ९० टक्क्यांवर चालवण्यापेक्षा तीन मॉड्यूल ६० टक्क्यांवर चालवली की तेवढंच काम होतं आणि उष्णता टाकायला दीडपट कॉइल मिळते. कॉम्प्रेसरवरचा ताण उतरतो. पंपाची जादा वीज या फायद्याहून कमी आहे ना, तेवढं तपासायचं. पण बहुतेक ठिकाणी सीक्वेन्स (किती मॉड्यूल कधी चालवायची तो क्रम) कारखान्यातून आला तसाच वर्षानुवर्षं चालू असतो.

‘ब्रोशरमध्ये आयपीएलव्ही बघा, दुप्पट आहे.’

आयपीएलव्ही ही वेगवेगळ्या लोडवरच्या कार्यक्षमतेची अमेरिकी मानकातली सरासरी. एअर-कूल्ड चिलरसाठी तिच्यात ५० टक्के लोडला बाहेरची हवा साधारण १८ अंश धरतात, २५ टक्के लोडला साधारण १३. पूर्ण लोडचं वजन फक्त १ टक्का. आपल्याकडे सांताक्रूझचा पारा १३ वर आला की वर्तमानपत्रांत बातमी होते. इथे लोड कमी होतो तो रात्री ऑफिस रिकामं झाल्यावर, आणि तेव्हाही थंडीचे महिने सोडले तर बाहेर साधारण २५-२७ अंश असतात. विक्रेत्याकडे ३५ अंश बाहेरच्या हवेत ७५ आणि ५० टक्के लोडचे आकडे मागा. देत नसेल तर का देत नाही, तेही विचारा.

‘जागा कमी, देखभाल नाही.’

जागा कमी म्हणून मॉड्यूल भिंतीला चिकटवतात, आणि इमारतीचं एलिव्हेशन (दर्शनी रूप) बिघडू नये म्हणून भोवती जाळीचा पडदा. फेकलेली गरम हवा तिथेच फिरून परत कंडेन्सरमध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागात, शिरते. बाहेर ३३ अंश असताना कॉइलच्या तोंडाशी ३८-४० मिळाले तर नवल नाही. देखभालीचं म्हणाल तर यातले पाणी गार करणारे प्लेट हीट एक्स्चेंजर अगदी अरुंद वाटांचे असतात. जुन्या पाइपांतला गंज आणि वेल्डिंगचा कचरा त्यात अडकला की संपलं. नवा प्लांट जुन्या पाइपिंगवर चढवण्याआधी फ्लशिंग (पाइप आतून धुणं) आणि बारीक जाळीचा स्ट्रेनर, यात तडजोड नको. वरळी-वांद्र्याच्या समुद्राकाठी खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमच्या फिन (कॉइलवरच्या पातळ पट्ट्या) खंगतात, तिथे कोटिंग हवंच.

‘एक बंद पडला तरी काम चालू.’

हे मान्य. फक्त पंप, स्ट्रेनर आणि कंट्रोलर सगळ्यांना मिळून एकच नाही ना, ते बघा.

‘मुंबईत हीटिंग कशाला?’

खोल्या तापवायला नकोच. पण हॉटेलला, हॉस्पिटलला बाराही महिने गरम पाणी लागतं. गच्चीच्या एका टोकाला चिलर उष्णता आकाशात फेकतोय आणि दुसऱ्या टोकाला विजेचा बॉयलर चालू, असं दृश्य नवं नाही. एका युनिट विजेत तीन युनिट गारवा देणारा चिलर जवळपास चार युनिट उष्णता बाहेर टाकतो. पाणी ५५ अंशांपर्यंत तापवायचं तर कॉम्प्रेसरला जास्त ताण पडतो, म्हणून सगळा प्लांट त्या कामाला जुंपणं चुकीचं. एकच मॉड्यूल गरम पाण्याला द्यायचं आणि त्याची गार बाजू चिल्ड वॉटरच्या रिटर्नला, म्हणजे इमारतीतून परत येणाऱ्या पाण्याला, जोडायची. मोठ्या एकुलत्या चिलरला हे सहज जमत नाही. मॉड्युलरचा सगळ्यात भक्कम फायदा हा, आणि मेसेज नेमका तोच टाळायला सांगतो.

‘बिल निम्मं.’

पंधरा-वीस वर्षांचा थकलेला चिलर बदलल्यावर बिल उतरणारच, नवा कोणताही लावा. उतरलं किती, ते बिलावरून कळत नाही. दर बदलतात, मजले रिकामे होतात. त्यासाठी बीटीयू मीटर (पाण्यातून किती उष्णता काढली ते मोजणारा) लावा. सेकंदाला २० लिटर पाणी १२ वरून ७ अंशांवर येत असेल तर तो गारवा सुमारे ४१९ किलोवॅट, म्हणजे ११९ टन (एसीचा टन, वजनाचा नव्हे). त्या वेळी चिलर, पंप असं सगळं मिळून १५५ किलोवॅट ओढत असेल तर टनामागे १.३ किलोवॅट पडले. हा आकडा जुना प्लांट काढण्याआधी महिनाभर नोंदवून ठेवा, आणि नव्या प्लांटचं शेवटचं पेमेंट त्याच्याशी बांधून घ्या.