कोपऱ्यातली तीन अक्षरे

गेले काही महिने आमच्या चिमूर तालुक्यातल्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. संगणकावर तयार केलेले दृश्य माणसाच्या डोळ्याला कधीही फसवू शकत नाही, असे त्यात छातीठोकपणे म्हटले आहे आणि त्यासाठी चार पुरावे दिले आहेत. अशी दृश्ये खेड्यातला साधा माणूससुद्धा एका नजरेत ओळखतो. पूर्वीच्या चित्रपटांत सगळे खरे असे, म्हणून ते खरे वाटत. आजही लोकांना भावणाऱ्या चित्रपटांत संगणक वापरलेला नसतो. आणि खोटेपणा कळत असल्यामुळेच हल्ली प्रेक्षक रडत नाही. मला हा मजकूर तीन गटांतून आला, त्यातला एक तर बियाणे आणि खतांच्या चौकशीसाठी काढलेला आहे. माझ्या मते यातला एकही पुरावा टिकत नाही. एका ठिकाणी मात्र लिहिणाऱ्याचे थोडे बरोबर आहे, ते मी मान्य करीन.

खेड्यातल्या माणसाची नजर तीक्ष्ण असते, याबद्दल दुमत नाही. ताडोबाच्या बफर क्षेत्राला लागून असलेल्या आमच्या गावात तेंदूपत्त्याच्या हंगामात भल्या पहाटे रानात जाणाऱ्यांना वाघ ओळखावाच लागतो. म्हणूनच माझ्या घरी घडलेला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. ‘लाइफ ऑफ पाय’ हा २०१२चा चित्रपट हिंदीत लागला होता आणि शेजारपाजारची सात-आठ माणसे ओसरीवर बसून तो पाहत होती. समुद्रात भरकटलेल्या नावेतला वाघ उपाशी राहून खंगत जातो, तेव्हा आयुष्यभर गुरे राखलेले आमचे एक काका पुढे सरकून म्हणाले, “असा वाघ रानात नाही राहत बा, गावाकडंच येते. याच्यापासून गुरं सांभाळा लागते.” खपाटीला गेलेले पोट, वर आलेली खांद्याची हाडे आणि जड पडणारा पंजा पाहून त्यांनी त्या जनावराचे निदान केले होते. चित्रीकरणासाठी कोणी खऱ्या वाघाला उपाशी ठेवत नाही. तो खंगलेला वाघ पूर्णपणे संगणकावर घडवलेला होता. निर्मात्यांनी खरे वाघ आणून त्यांच्या हालचालींचा अभ्यास केला, मोजक्या दृश्यांत खरा वाघ दाखवलाही, पण नावेत तो मुलगा वाघासोबत कधीच नव्हता. काकांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, मीच काहीतरी थाप मारतो आहे.

त्याच ओसरीवर पुढे एक भारतीय चित्रपट पाहताना दहा वर्षांचा एक मुलगा वाघ दिसताक्षणी ओरडला, “खोटा हाय, खोटा हाय!” कसे ओळखले, असे विचारल्यावर त्याने पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. तिथे ‘सीजीआय’, म्हणजे संगणकावर बनवलेले चित्र, ही तीन अक्षरे होती. आपल्याकडे १९९८च्या केंद्रीय अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना शिकवून खेळात वापरण्यावर बंदी आली आणि २०११मध्ये त्या यादीत बैलाची भर पडली. चित्रपटात प्राणी दाखवायचा तर जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते आणि प्राणी संगणकाचा असेल तर तशी खूण पडद्यावर उमटवली जाते. संगणकाचा प्राणी एका नजरेत ओळखू येत असता, तर ही खूण कशासाठी लागली असती? आपल्या प्रेक्षकाने ‘ओळखलेल्या’ वाघांपैकी कितीतरी वाघ त्याने कोपऱ्यात वाचलेले आहेत. परदेशी चित्रपटात ती अक्षरे नसतात आणि तिथे काकांसारखा जाणकारही फसतो.

बैलाबद्दलही सांगायला हवे, कारण तिथे पारडे थोडे दुसऱ्या बाजूला झुकते. ‘बाहुबली’मध्ये (२०१५) भल्लालदेव संगणकाच्या ज्या बैलाशी झुंजतो, तो पाहून शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, जोड्या नेणारे आमच्याकडचे लोक हसले होते. बैल दबतो कसा, मुसंडी मारताना मान कुठे जाते आणि मागच्या पायांवर भार कधी येतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्याच लोकांना त्याच चित्रपटातल्या धबधब्याविषयी विचारले, तेव्हा तो कोणत्या राज्यात आहे यावर वाद सुरू झाला. त्या धबधब्याचा बराचसा भाग संगणकाचाच होता. जी गोष्ट माणसाने जन्मभर पाहिली आहे तिच्यातली खोट त्याला दिसते, बाकीच्या गोष्टी तो निमूट मान्य करतो.

या हिशेबात मूळची एक चूक आहे. फसलेले दृश्य लक्षात राहते आणि जमलेले दृश्य मोजलेच जात नाही. सापडला तो चोर, बाकी सगळे साव. ‘फॉरेस्ट गंप’मध्ये (१९९४) युद्धात पाय गमावलेला लेफ्टनंट डॅन ज्याने साकारला, त्या नटाचे दोन्ही पाय शाबूत आहेत. चित्रीकरणाच्या वेळी त्याच्या पायांना निळे कापड गुंडाळले होते आणि पुढे संगणकावर ते पाय पुसून टाकले. त्याच चित्रपटातल्या टेबल टेनिसच्या सामन्यांतला चेंडूही नंतर घातलेला आहे. ही दृश्ये पाहून ‘संगणक, संगणक’ असे कोणी ओरडल्याचे मी अद्याप ऐकलेले नाही.

दुसऱ्या मुद्द्यासाठी मजकुरात ‘ज्युरासिक पार्क’चे (१९९३) उदाहरण दिले असून त्यातले डायनासोर ‘खरे पुतळे’ होते म्हणून आजही खरे वाटतात, असे म्हटले आहे. हे अर्धेच खरे आहे. सव्वादोन तासांपेक्षा थोड्या कमी वेळाच्या त्या चित्रपटात डायनासोर दिसतात ते साधारण १५ मिनिटे, आणि त्यातला मोठा भाग स्टॅन विन्स्टन यांच्या यांत्रिक प्रतिकृतींचा आहे. पण भर उन्हात झाडाचा शेंडा खाणारा तो पहिला लांब मानेचा प्राणी आणि माळावरून धावत येणारा कळप ही दोन्ही दृश्ये संगणकाची आहेत. उलट पावसातल्या प्रसंगात यांत्रिक टी-रेक्सची, म्हणजे त्या मोठ्या मांसाहारी डायनासोरची, कातडी पाणी पिऊन इतकी जड होई की, तो पुतळा थरथरू लागे आणि त्याला कोरडा करत बसावे लागे. शिवाय डायनासोर जिवंत पाहिलेला माणूस कुठेच नाही, त्यामुळे बैलासारखी परीक्षा इथे होतच नाही. आपल्या वाट्याला वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला दगड झालेली त्यांची विष्ठा तेवढी आली आहे, आणि तिच्यात गवताचे अवशेष सापडल्याचे २००५मध्ये जगाला कळले. आणि ‘पूर्वी सगळे खरे होते’ म्हणावे तर दादासाहेब फाळके १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये मारुतीला उडवत होते, तेही कॅमेऱ्याची करामत वापरूनच.

तिसऱ्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. ‘संगणकाशिवाय बनलेला’ म्हणून मजकुरात गौरवलेल्या ‘टॉप गन: मॅव्हरिक’मध्ये (२०२२) नट खरोखर लढाऊ विमानांच्या मागच्या आसनावर बसून उडाले, हे खरे. परंतु त्यात संगणकाचे काम झालेली सुमारे २,४०० दृश्ये आहेत, शत्रूची विमाने संगणकाचीच आहेत आणि दृश्य परिणामांच्या ऑस्करसाठी त्याला नामांकनही मिळाले होते. जाहिरातीत मात्र निर्माते खऱ्या विमानांबद्दलच बोलतात, कारण तिकीट त्यावर खपते.

आता जे मान्य करायचे ते. माणसाचा चेहरा अजूनही अवघड आहे. १९९४मध्ये निधन पावलेल्या पीटर कुशिंग या नटाचा चेहरा ‘रोग वन’ या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या चित्रपटात (२०१६) पुन्हा उभा केला, तेव्हा अनेकांना काहीतरी चुकल्यासारखे वाटले, मलाही वाटले. कातडीवर पडलेला उजेड थोडा आत शिरून बाहेर येतो, डोळ्यांच्या कडेला ओल असते, बोलण्याआधी गालाचा स्नायू किंचित हलतो, आणि यातले एक जरी चुकले तरी समोर मेणाचा पुतळा दिसू लागतो. ‘आदिपुरुष’ची झलक ऑक्टोबर २०२२मध्ये आली, तेव्हा लोकांनी तिची जी रेवडी उडवली ती योग्यच होती. प्रदर्शन जानेवारीवरून जून २०२३वर ढकलले, तरी चित्र फारसे सुधारले नाही. पण त्यावरून संगणकाच्या मर्यादेचा निष्कर्ष काढता येत नाही. सेकंदाला २४ चित्रे, प्रत्येकात उजेड, सावली आणि वजन जुळवायचे, म्हणजे वेळ आणि पैसा हवा. नावेतला तो वाघ घडवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीच्या शाखा मुंबई आणि हैदराबादलाही होत्या. फेब्रुवारी २०१३मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि थोड्याच दिवसांत त्याच वाघासाठी ऑस्कर मिळवले. उत्तम काम करूनही कंपनी बुडू शकते, मग घाईत आणि कमी पैशात केलेले काम कसे दिसेल?

जाता जाता एक गोष्ट टीव्हीविषयी. ‘घरी पाहा, सगळे मालिकेसारखे नकली दिसते,’ असेही मजकुरात आहे. नवे टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच जादा चित्रे घालून हालचाल गुळगुळीत करतात, त्यामुळे खरा माणूससुद्धा नकली दिसतो. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते.

राहिला रडण्याचा मुद्दा. खोटेपणा कळला की डोळ्यांत पाणी येत नाही, असे म्हणणाऱ्याने दिवाळीनंतर वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या पट्ट्यात एखाद्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, यावे. दिवसा शंकरपट असतो आणि रात्री झाडीपट्टीचे, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातले, नाटक. ते उजाडेपर्यंत चालते. ज्या रंगभूमीवरच्या कलाकाराला, परशुराम खुणे यांना, २०२३मध्ये पद्मश्री मिळाली, तिथे राजवाडा म्हणजे रंगवलेला पडदा आणि रान म्हणजे दुसरा रंगवलेला पडदा. मागच्या मंडईला वाऱ्याने तो रानाचा पडदा फुगून पोरक्या मुलीची भूमिका करणाऱ्या नटीच्या पाठीला चिकटत होता. माझ्या पुढे घोंगडी पांघरून बसलेल्या आजी पदराने डोळे पुसत होत्या. दुपारी तोच पडदा फाटला, तेव्हा सुई-दोरा त्यांच्याच घरून गेला होता.